तलावाकाठचा खडीचा रस्ता खडीचाच राहू द्या

प्रति,
जंगलातल्या आणि तलावांकाठच्या कच्च्या रस्त्यांची मालकी किंवा देखभाल ज्यांच्याकडे आहे ती सर्व वनखाती, जलाशय प्राधिकरणं आणि स्थानिक रस्ते विभाग यांना,

सप्रेम नमस्कार.

तलावाभोवतीच्या खडीच्या रस्त्याचं काय करायचं, हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या कार्यालयात कायम टेबलावर असतो. सायकलवाले वाढले, तक्रारी वाढल्या, एखादा अपघात झाला, की फाइल उघडते आणि दोन प्रस्ताव पुढे येतात. एक म्हणतो, सगळा फेरा डांबरी करून टाकू, कठडे लावू, दिवे लावू. दुसरा म्हणतो, कटकट नको, फाटक लावून सायकलींना बंदीच करू. हे दोन्ही प्रस्ताव बाजूला ठेवा आणि तो रस्ता खडीचाच ठेवून नीट सांभाळा, एवढं सांगायला हे पत्र लिहितो आहे. आम्हाला नवं काही बांधून नको. आहे त्या रस्त्यावरून पाणी वेळेवर उतरलं, तरी आमचं निम्मं काम होतं.

आधी आम्ही कोण ते सांगतो, कारण पुष्कळ ठिकाणी आम्हाला डोंगरउतारावरून उड्या मारत येणारे समजूनच नियम केले जातात. ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठी केलेली आमची सायकल, दिसायला रेसिंग सायकलसारखी असते, खाली वळलेलं हँडल, हलकी फ्रेम. फरक टायरांत असतो. 40 ते 50 मिलिमीटर रुंदीचे, बहुतेक वेळा ट्यूबलेस, आणि हवेचा दाब दोन-अडीच बारच्या आसपास. सस्पेन्शन सहसा नसतं. त्यामुळे अरुंद पायवाटा, झाडांची मुळं, दगडी पायऱ्या आम्ही मुद्दाम शोधत नाही. आम्हाला हवी असते ट्रक जाऊ शकेल अशी कच्ची वाट, जिच्यावर ट्रक क्वचितच येतो. म्हणजे तुमचा देखभालीचा रस्ता.

हे रस्ते आमच्यासाठी बांधलेले नाहीत, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. कुठे ओंडके बाहेर काढायला, कुठे धरणाच्या दरवाजांपर्यंत पोचायला, कुठे वणवा विझवणाऱ्या गाडीसाठी ते झाले. नॉर्वेतला रालारवेगन हा बर्गन रेल्वेमार्गाचं बांधकाम चालू असताना सामान नेण्यासाठी काढलेला रस्ता. रेल्वे झाली, त्याचं मूळ काम संपलं आणि आज तो त्या देशातल्या सर्वांत नावाजलेल्या सायकलमार्गांपैकी एक आहे. उत्तर इंग्लंडमध्ये किल्डरला 1926 पासून लावलेलं जंगल आहे, त्यात 1980च्या दशकात पूर्ण भरलेला जलाशय आहे, जलाशयाभोवती सुमारे 42 किलोमीटरचा लेकसाइड वे आहे आणि वरच्या टेकड्यांवर लाकूडतोडीच्या रस्त्यांचं जाळं. 2016 पासून तिथे त्याच रस्त्यांवर डर्टी रीव्हर नावाची 200 किलोमीटरची ग्रॅव्हल राइड होते. उत्तर अमेरिकेत अ‍ॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशनने 1990च्या दशकात ग्रेट डिव्हाइड या सायकलमार्गाचे नकाशे काढले. चार हजार किलोमीटरहून लांब असा हा मार्ग आधीपासून असलेले जंगलातले आणि माळावरचे रस्ते एकमेकांना जोडूनच उभा राहिला. खरी मेहनत झाली ती कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला जोडायचा हे ठरवण्यात.

आता डांबराविषयी. खडीच्या रस्त्याला अपुरा रस्ता समजण्याची सवय फार जुनी आहे. पैसे आले की डांबर, हा क्रम डोक्यात इतका घट्ट बसलेला आहे की उलटं कोणी मागेल असं वाटतच नाही. पण मागणारे झाले आहेत आणि त्यांनी मिळवलंही आहे. इटलीतल्या तोस्कानामध्ये पांढऱ्या चुनखडीचे कच्चे रस्ते एकेक करून डांबराखाली जात होते. 1997 मध्ये जानकार्लो ब्रोच्ची यांनी गायोले इन कियांती या गावातून लेरोइका ही जुन्या सायकलींची राइड सुरू केली, ती हे रस्ते वाचावेत म्हणून. पहिल्या वर्षी 92 जण आले. त्यातूनच पुढे 2007 मध्ये व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत निघाली, जिला आज स्त्रादे बियांके, म्हणजे पांढरे रस्ते, याच नावाने जग ओळखतं. जे रस्ते मागासलेपणाची खूण समजले जात होते त्यांच्यासाठी लोक आता दुसऱ्या खंडांतून येतात. सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआय हिने 2022 पासून ग्रॅव्हलचं जागतिक अजिंक्यपद सुरू केलं तेही इटलीतच, व्हेनेतो प्रांतात. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये 2006 मध्ये अगदी थोड्या लोकांनी सुरू केलेली शर्यत, आजचं अनबाउंड ग्रॅव्हल, फ्लिंट हिल्सच्या टायर चिरणाऱ्या गारगोटीवरून जाते आणि लोक तरीही नावनोंदणीसाठी रांग लावतात.

तलावाकाठी डांबर घातल्यावर काय होतं ते तुमच्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी एकदा सगळं एका जागी मांडतो. पहिली वाढते ती गती. मोटारगाड्यांची आणि सायकलींचीही. खडीवर सायकलस्वार स्वतःहून हात आवरता ठेवतो, कारण पुढचं चाक सुटेल ही जाणीव सतत असते. त्याच वळणावर डांबर आलं की तोच माणूस दुप्पट वेगाने येतो आणि समोर कुत्रा घेऊन चालणारे आजोबा असतात. दुसरं, काठावरची जमीन ओलसर आणि भुसभुशीत. तिच्यावर घातलेला पातळ डांबरी थर कडेने तुटतो, झाडांची मुळं त्याला खालून उचलतात, आणि मग जो रस्ता ग्रेडर, म्हणजे खरवडून सपाट करणारं यंत्र, फिरवून एका दिवसात सारखा झाला असता त्यासाठी ठिगळं लावत बसावं लागतं. खड्डे पडलेलं डांबर हे चांगल्या खडीपेक्षा कधीही वाईट, चालणाऱ्यालाही आणि सायकलला तर फारच. अमेरिकेत मिशिगन, नॉर्थ डकोटा अशा राज्यांमध्ये कमी वाहतुकीचे काही डांबरी रस्ते उखडून पुन्हा खडीचे केले गेले, कारण डांबर टिकवायला लागणारा पैसा त्या वाहतुकीला परवडत नव्हता. तेव्हा आम्ही मागतो आहोत ते काही स्वप्नरंजन नाही. पैशाचा हिशेब करणाऱ्या यंत्रणाही त्याच ठिकाणी पोचल्या आहेत.

मात्र खडीचा ठेवा म्हणजे वाऱ्यावर सोडा, असा अर्थ कृपया काढू नका. सोडून दिलेला खडीचा रस्ता दोन पावसाळ्यांत ओढा होतो.

रस्तेबांधणीतले जाणकार जॉन मॅकॅडम यांनी दोनशे वर्षांपूर्वी जे सांगितलं त्यात आजही बदल करावासा वाटत नाही. खालची माती कोरडी राहिली तर ती कितीही वजन पेलते, म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवा, त्याला बाकदार करा आणि वर हाताने फोडलेल्या लहान, कोनदार दगडांचा थर द्या. ते दगड चाकांखाली एकमेकांत अडकून घट्ट बसतात. नदीतले गुळगुळीत गोटे तसे बसत नाहीत, ते कायम घरंगळत राहतात. खडीच्या रस्त्याला मध्यापासून दोन्ही कडांकडे दर मीटरला साधारण 4 सेंटिमीटर उतार लागतो. डांबराला त्याच्या निम्मा पुरतो. ट्रकच्या चाकांनी दोन चाकोऱ्या पडल्या आणि हा बाक गेला, की पाणी कडेला न जाता रस्त्याच्या लांबीने धावू लागतं. त्यानंतर जे वाहून जातं ते आधी बारीक कच, म्हणजे दगडाचा चुरा, मग माती, आणि शेवटी उरतात सुटे दगड. बारीक माल गेला म्हणजे बांधून ठेवणारा चिकटपणाच गेला. हा सगळा गाळ शेवटी जातो कुठे, तर तुमच्याच तलावात.

एक मोरी जवळून दाखवतो. तलावाच्या चढाकडच्या बाजूला रस्ता झाडांतून वळण घेतो, तिथे ओहोळ रस्त्याखालून नेणारा एक पाइप असतो, दीड-दोन फूट व्यासाचा. पानगळीनंतर त्याच्या तोंडाशी पानं येतात, पानांवर काटक्या, काटक्यांवर पुन्हा पानं, आणि हे सगळं भिजून एका जाड गादीसारखं पाइपाच्या तोंडाला चिकटतं. पाणी पाइपाच्या माथ्यापर्यंत चढतं, मग बाजूचा चर भरतो, मग रस्त्याची कड ओलांडतं. पलीकडच्या बाजूला, जिथे पाणी तलावाकडे उतरतं, तिथे भरावाला आधी बोटभर खाच पडते. महिन्याभरात ती खाच हात जाईल एवढी होते आणि पाइपाचं टोक हवेत लटकताना दिसायला लागतं. फावडं घेतलेल्या माणसाचं अर्ध्या तासाचं काम ज्या दिवशी राहून गेलं, त्या दिवशी हा सगळा खर्च सुरू झाला. तलावाच्या एका फेऱ्यावर अशा मोऱ्या डझनांनी असतात. म्हणून आमची पहिली मागणी मोऱ्यांची यादी करण्याची आहे. प्रत्येकीला क्रमांक द्या, पानगळीनंतर आणि मोठ्या पावसानंतर त्या बघायचं काम कोणाकडे आहे ते कागदावर येऊ द्या.

चढावर पाणी आडवं काढण्यासाठी लाकडी किंवा लोखंडी पन्हळ बसवतात, ते योग्यच आहे. फक्त त्याची फट सायकलचं चाक गिळेल इतकी रुंद नसावी आणि ते रस्त्याला फार तिरकं नसावं, कारण ओल्या लाकडावर तिरकं गेलेलं चाक क्षणात घसरतं. जिथे जमेल तिथे रस्त्यालाच लांबट, उथळ खोलगटपणा देऊन पाणी बाहेर काढलं तर सर्वांत उत्तम. ट्रकला कळत नाही, सायकलला सोपं जातं, आणि त्यात तुंबण्यासारखं काहीच नसतं.

रस्त्यावरच्या त्या आडव्या लाटा, ज्यांना वॉशबोर्ड म्हणतात, त्यांचाही उल्लेख करायला हवा. हात बधिर करणारा प्रकार आहे तो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भौतिकशास्त्रीय अभ्यासात फिरत्या गोल टेबलावर वाळू पसरून तिच्यावर साधं चाक फिरवून पाहिलं होतं. सस्पेन्शन नसतानाही लाटा उठल्या आणि ठरावीक गतीच्या खाली त्या उठल्याच नाहीत. म्हणजे कारण गती आणि कोरडा सुटा माल हे आहे, कुणा एका वाहनाचा दोष नाही. उपाय दोन. चढावर आणि वळणाआधी, जिथे गाड्या जोर लावतात किंवा ब्रेक दाबतात, तिथे वरच्या थरात बांधून ठेवणारी बारीक माती पुरेशी असू द्या. आणि ग्रेडर फिरवताना लाटेच्या तळापर्यंत खरवडा, तेही जमीन ओलसर असताना. नुसते उंचवटे कापून खळगे भरले की त्या लाटा जशाच्या तशा परत येतात. कोरड्या दिवसांत ग्रेडर फिरवून सुटी धूळ पसरलेली पाहिली की मला खरंच वाईट वाटतं, कारण काम झालेलं असतं, पैसे गेलेले असतात आणि रस्ता आधीपेक्षा बिघडलेला असतो.

खडीच्या आकाराचंही असंच. लाकडाच्या ट्रकांसाठी जाड गिट्टी टाकून वर काहीच न घालता सोडून देतात. ट्रक जातो. सायकल, बाबागाडी, घोडा, चाकाची खुर्ची यातलं काहीही जात नाही. वरच्या थराला साधारण 20 मिलिमीटरपर्यंतची फोडलेली खडी, तिच्यासोबत कच आणि थोडी चिकट माती, आणि वरून रोलर, एवढं केलंत तर तोच रस्ता सगळ्यांचा होतो. धूळ दाबण्यासाठी कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मारतात, ते मात्र पाण्याच्या काठावर टाळा. ते शेवटी मीठच आहे.

आता बंदीकडे येतो. माझ्या समजुतीप्रमाणे बंदीच्या मुळाशी रागापेक्षा भीती जास्त असते. कोणी पडलं तर जबाबदार कोण? ही भीती खरी आहे आणि तिची उत्तरं वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी दिली आहेत. 1975 या एकाच वर्षी जर्मनी आणि ऑस्ट्रिया या शेजारी देशांनी वनकायदे केले. जर्मनीच्या कायद्याने जंगलातल्या रस्त्यांवर आणि वाटांवर सायकल चालवायला मुभा दिली आणि हेही सांगितलं की जंगलात येणारा स्वतःच्या जोखमीवर येतो. ऑस्ट्रियाने पायी फिरणाऱ्यांना जंगल खुलं केलं, सायकलला मात्र मालकाची किंवा रस्ता सांभाळणाऱ्याची संमती लागते असं ठरवलं. पण ऑस्ट्रियातही वाट निघाली. तिरोलमध्ये मालकांशी करार करून, जबाबदारीचा विमा उतरवून, ठरावीक रस्ते सायकलींना खुले केले गेले. स्कॉटलंडने 2003च्या भूमिसुधारणा कायद्याने जमिनीवर आणि अंतर्गत जलाशयांवर जबाबदारीने वावरण्याचा हक्कच दिला, सायकलसह. स्वीडनमध्ये निसर्गात मोकळेपणाने फिरण्याचा हक्क 1994 पासून राज्यघटनेत आहे. तुमचा कायदा यांपैकी कुठल्याही प्रकारचा असो, करार आणि विमा यांचा मार्ग जवळपास सगळीकडे काढता येतो. बंदीचा फलक लावला म्हणून भीती जात नाही. लोक येतातच, फक्त ते आता नियमाबाहेर येतात आणि त्यांच्याशी बोलायला तुमच्याकडे कोणी उरत नाही.

पिण्याच्या पाण्याचा जलाशय आहे म्हणून सायकल नको, हे कारणही पुष्कळदा ऐकू येतं. स्कॉटलंडमधलं लॉख कॅट्रिन हे तळं 1859 पासून ग्लासगोला पिण्याचं पाणी पुरवतं. त्याच्या काठचा रस्ता सर्वसाधारण मोटारींना बंद आहे आणि सायकलींना व पायी जाणाऱ्यांना खुला. तो रस्ता बहुतांशी डांबरी आहे, तेवढ्यापुरता माझ्या बाजूने बोलत नाही. पण पाणी आणि सायकल एकत्र नांदू शकतात, हे तिथे कोणालाही दिसतं. पाण्याला खरा धोका असतो तो इंजिनाचं तेल, काठावर लावलेल्या गाड्या आणि वाहून आलेला गाळ यांचा.

यापुढे एक विनंती अशी आहे जिच्याबाबत मी कुठलीही तडजोड करायला तयार नाही. रस्त्यावर साखळी किंवा तार आडवी बांधू नका. मोटारी अडवायला हा सर्वांत स्वस्त उपाय आहे हे मान्य. पण संध्याकाळी झाडांच्या सावलीत, उतारावर, गंजलेली राखाडी साखळी दिसत नाही. ती दिसते तेव्हा ब्रेक लावायला जागा उरलेली नसते. ती छातीच्या किंवा गळ्याच्या उंचीवर असेल तर काय होतं हे लिहायची गरज नाही. मोटार अडवायची असेल तर पांढऱ्या-लाल पट्ट्यांचा, रात्री चमकणारा अडसर लावा, तो वळणाच्या लगेच पुढे किंवा उताराच्या तळाशी नको, आणि त्याच्या बाजूने दीड मीटरची मोकळी जागा सोडा. त्या जागेतून सामान लादलेली सायकल जाते, ट्रायसिकल जाते, चाकाची खुर्चीही जाते. मोठा दगड टाकून ती जागा बुजवली जाते तेव्हा अडतात ती हीच माणसं. मोटारसायकलवाला बाजूने वाट काढतोच.

लाकूडतोड चालू असताना रस्ता बंद करा. निःशंक बंद करा. झाडं तोडणाऱ्या हार्वेस्टर यंत्राची करवतीची साखळी तुटून उडाली तर ती गोळीसारखी जाते, आणि पडणाऱ्या झाडाला सायकलची घंटा ऐकू येत नाही. पण फलकावर तारीख असू द्या, कधीपासून कधीपर्यंत, आणि वळसा कुठून ते लिहा. मला दिसतं ते असं, की काम संपून वर्ष उलटलं तरी फलक तसाच असतो, त्याच्यावर शेवाळ चढलेलं असतं. लोक तो ओलांडायला शिकतात. मग पुढच्या जंगलात, जिथे यंत्र खरोखर चालू आहे, तिथलाही फलक ते ओलांडतात. काम संपलं त्या दिवशी फलक उतरवणं हे म्हणूनच सुरक्षेचं काम आहे.

आता मार्ग आखण्याविषयी, कारण इथे आमच्यातल्याच अनेकांशी माझे मतभेद आहेत. तलावाभोवतीचा मार्ग म्हटला की तो पाण्याला चिकटून गेला पाहिजे असा हट्ट असतो. मला तो मान्य नाही. सगळा फेरा काठावरून नेला तर तास-दीड तासाने पाणी डोळ्यांना दिसेनासंच होतं. चांगला मार्ग पाण्याजवळ येतो, दूर जातो, जंगलात चढतो, वरून एकदा सगळा तलाव दाखवतो आणि पुन्हा खाली आणतो. चढण पायांत आल्याशिवाय तलावाचं पसरलेपण कळत नाही. आणि काठाचा बराचसा भाग आमचा नाहीच. उत्तरेकडच्या तलावांवर डायव्हर किंवा लून नावाचे पाणपक्षी असतात. त्यांचे पाय शरीराच्या इतके मागे असतात की त्यांना जमिनीवर धड चालता येत नाही. म्हणून ते पाण्याच्या अगदी कडेला, घसरून पाण्यात जाता येईल अशा जागी घरटं करतात. माणूस जवळ आला की पक्षी पाण्यात उतरतो आणि अंडी उघडी पडतात. असे काठ, वेताची आणि लव्हाळ्याची बेटं, ओढे तलावाला मिळतात त्या दलदली, या जागा सोडून शंभर-दोनशे मीटर आतून रस्ता न्या. विणीच्या हंगामात एखादा तुकडा बंद ठेवायचा असेल तर वरचा पर्यायी रस्ता आधीच आखून ठेवा, म्हणजे मार्ग तुटत नाही. दृश्यासाठी दोन-तीन जागा ठरवा, तिथे सायकल टेकवायला एक आडवा बांबू आणि बसायला ओंडका पुरे. बाकी काठ पक्ष्यांकडे राहू द्या.

चिखल हा प्रश्न त्याहून गंभीर आहे. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांना मारणारा रोग मातीतून, बुटांना आणि चाकांना चिकटून पसरतो, आणि त्यासाठी 2018 मध्ये वायटाकेरे डोंगरांतलं जंगल लोकांना बंद करावं लागलं. ब्रिटनमध्ये 2009 पासून फायटोफ्थोरा रामोरम या रोगामुळे लार्च या सूचिपर्णी झाडांची रानंच्या रानं तोडावी लागली. तिथेही पाऊस-वाऱ्याबरोबरच बुटांची आणि टायरांची माती रोग पुढे नेऊ शकते. तेव्हा मार्गाच्या सुरुवातीला आणि शेवटी एक ब्रश आणि पाण्याचा नळ द्या. आमच्या सायकलींच्या टायरांना खोल खाचा असतात, त्यांत माती राहते. स्वच्छ सायकल घेऊन येणं हा आमच्याकडून पाळायचा पहिला नियम असला पाहिजे, आणि तो मोडणाऱ्याला आम्हीच थांबवलं पाहिजे.

फलकांबाबत एक चांगलं उदाहरण बेल्जियममधल्या लिंबुर्ग प्रांताचं आहे. 1995 मध्ये तिथे सायकलरस्त्यांच्या प्रत्येक चौकाला क्रमांक देण्यात आला. खाणीत बोगद्यांच्या चौकांना क्रमांक असतात, त्यावरून एका खाण-अभियंत्याला हे सुचलं. माणूस घरून निघताना पाच-सहा आकडे कागदावर लिहून घेतो आणि निघतो. पुढे ही पद्धत नेदरलँड्ससह इतर देशांत गेली. जंगलात या क्रमांकांचा आणखी एक उपयोग आहे. कोणी पडलं, तर फोनवर ‘अठ्ठेचाळीस आणि एक्कावन्नच्या मध्ये’ एवढं सांगितलं की रुग्णवाहिका योग्य फाटकाशी येते. एरवी ‘तलावाजवळ, झाडं आहेत’ यापलीकडे काय सांगणार? त्या फाटकाची किल्ली कोणाकडे आहे हेही त्या खांबावर लिहिलेलं असू द्या.

आणि तुमच्याकडची माहिती खुली करा. आज आमचे बहुतेक मार्ग फोनवरच्या अ‍ॅपमधून आखले जातात, आणि त्यांपैकी बरीच अ‍ॅप ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी भरलेल्या खुल्या नकाशावर चालतात. त्या नकाशात कच्च्या रस्त्याला घट्टपणानुसार एक ते पाच अशी श्रेणी देता येते. पहिली म्हणजे पक्का, पाचवी म्हणजे गवताळ, मऊ जमीन. ही श्रेणी कोणीतरी स्वयंसेवक अंदाजाने भरतो, किंवा भरतच नाही. मग अ‍ॅप एखाद्या परक्या माणसाला दलदलीतून किंवा कुणाच्या अंगणातून पाठवतं. त्याच्यामागून आणखी दहा जण जातात, त्यांच्या खुणा हीटमॅपवर, म्हणजे कुठून किती जण गेले ते दाखवणाऱ्या नकाशावर, उजळतात आणि अ‍ॅपला तो लोकप्रिय रस्ता वाटायला लागतो. तुमच्या विभागातल्या माणसाला कुठल्या रस्त्यावर काय टाकलंय हे तोंडपाठ असतं. ते नकाशात आलं आणि बंद रस्ते वेळेवर त्यात दिसले, तर निम्म्या तक्रारी उगवणारच नाहीत.

आमच्या बाजूने काय, असं तुम्ही विचाराल आणि विचारायलाच हवं. पाऊस थांबल्याबरोबर, बर्फ वितळल्याबरोबर रस्ता मऊ असतो तेव्हा त्यावर न जाणं. घोडा दिसला की दुरून बोलून, हळू होऊन, गरज पडली तर उतरून जाणं. चालणाऱ्याच्या मागून येताना घंटा वाजवणं आणि वेग खरोखर कमी करणं, नुसती घंटा वाजवून घुसणं नव्हे. मोठ्या राइडच्या आयोजकांनी तुमच्याशी आधी बोलणं, गटांत अंतर ठेवून माणसं सोडणं, आणि राइडनंतर रस्त्याची पाहणी करून झालेलं नुकसान भरून देणं. यातली प्रत्येक गोष्ट परवान्याच्या अटींत घाला. आम्ही तक्रार करणार नाही.

या पत्रातलं एकच काम आत्ता उचलायचं असेल तर ते मोऱ्यांचं उचला. पुढच्या जोराच्या पावसात, पाऊस पडत असतानाच, तुमच्या अभियंत्याला तलावाचा फेरा चालून यायला सांगा. कोरड्या दिवशी रस्त्यावरून पाणी कुठे जातं ते दिसत नाही, पावसात ते स्वतःच दाखवतं. कुठल्या मोरीच्या तोंडाशी पाणी थांबलंय, कुठे ते चाकोरीतून धावतंय, कुठे भराव कापायला लागलंय, हे टिपून घ्या. नेहमी त्या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना बरोबर बोलवा. फावडी आम्ही आमची आणू आणि जिथे नुसती पानं काढून भागतंय, ते काम त्याच फेरीत करून टाकू.

आपला नम्र,
खडीच्या वाटांवर सायकल चालवणारा एक जण